पाचशेची चिठ्ठी: दानात आलेल्या दोन जुन्या कम्प्युटरांचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावात टिळकवाडीत एका सेवाभावी मंडळाचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. मी तिथले हिशेब बघते आणि दर गुरुवारी किमती ठरवायला बसणाऱ्या तिघांपैकी एक आहे. घर आवरताना नको झालेल्या वस्तू लोक आणून देतात. आम्ही त्या पुसून, तपासून, चिठ्ठी लावून विकतो. जमलेला पैसा खानापूर तालुक्यातल्या खेड्यांतून शहरात शिकायला येणाऱ्या मुलांच्या फीला जातो. या प्रकरणातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाकी जे घडलं ते तसंच मांडते आहे.

आमचा किमतीचा नियम सोपा होता: नव्याची चौथाई. पातेलं असो, पंखा असो, शिलाई मशीन असो, आज नवं घ्यायला गेलं तर केवढ्याला पडेल ते बघायचं आणि त्याचा चौथा हिस्सा चिठ्ठीवर लिहायचा. वस्तू धड असेल तर थोडं वर, पोचे आले असतील तर थोडं खाली. सात वर्षं हा नियम नीट चालला, कारण येणाऱ्या बहुतेक वस्तू बाजारात आजही नव्या मिळतात. जी वस्तू आता कुणी बनवतच नाही तिची चौथाई कशाची काढायची, हा प्रश्न कधी पडला नव्हता. पडायची वेळ आली तेव्हा आम्हाला तो प्रश्न आहे हेही कळलं नाही.

शहापुरातून आलेली खोकी

जूनमध्ये, पाऊस धरून बसलेला असताना, बेळगावातल्याच शहापुरातल्या एका जुन्या घरातून टेंपोभर सामान आलं. घरच्या आजी मुलाकडे पुण्याला जायच्या होत्या. त्यांचे यजमान हायस्कूलमध्ये गणित-विज्ञान शिकवायचे, त्यांना जाऊन काही वर्षं झालेली. आजींनी टेंपोवाल्याबरोबर एवढाच निरोप पाठवला होता, "सरांचे कम्प्युटर आहेत त्यात, कुणाच्या तरी उपयोगी पडू देत."

सामानात भांडी होती, दोन लाकडी खुर्च्या होत्या, नाट्यसंगीताच्या लाखेच्या तबकड्या होत्या, एचएमटीचं चावीचं घड्याळ होतं, 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक होते आणि चौकटीत बसवलेलं १९२४च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाचं चित्र होतं. एका खोक्यात काळ्या रंगाची, वहीपेक्षा थोडी मोठी, बटणांची पट्टी होती, डीबी स्पेक्ट्रम प्लस. दुसऱ्यात क्रीम रंगाचं, जड, रुंद यंत्र होतं. त्याच्या वरच्या ओळीत दहा लालसर बटणं होती, खाली एससीएल कंपनीच्या नावाची पट्टी होती आणि कडेला पांढऱ्या ऑइल पेंटनं रंगवलेला एका शाळेचा डेडस्टॉक नंबर, म्हणजे सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक, होता. यांच्याशिवाय नंतरच्या पिढीतल्या कम्प्युटरचे, दोन पेंटियमचे डबे आणि एक ४८६चा डबा, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि चौदा ऑडिओ कॅसेट.

त्या दिवशी सामान लावणाऱ्या स्वयंसेवकांनी नेहमीसारखी वाटणी केली. काळी पट्टी विजेच्या वस्तूंच्या फळीवर गेली. तिच्याबरोबरचा अॅडाप्टर वायरींच्या टोपलीत पडला. कॅसेट गाण्यांच्या खोक्यात, प्रत्येकी दहा रुपये. इंग्रजीतली स्प्रिंग बाइंडिंगची पुस्तिका रद्दीच्या गठ्ठ्यावर. क्रीम रंगाचं यंत्र जड होतं म्हणून जिन्याखाली राहिलं. गुरुवारी आम्ही तिघं बसलो आणि काळ्या पट्टीवर चिठ्ठी लावली, "जुना कीबोर्ड, ५०० रुपये". नवा कीबोर्ड पाचशेच्या आसपास मिळतो म्हणताना चौथाईच्या हिशेबानं हे जास्तच होतं. पण वजनाला चांगला होता, म्हणून वर लावलं. ते अक्षर माझं.

अडचण कशी समोर आली

शनिवारी येळ्ळूरचा एक मुलगा आला. पॉलिटेक्निकला आहे, जुने रेडिओ दुरुस्त करायची आवड, आमच्याकडे अधूनमधून येतो. त्यानं ती पट्टी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मला वाटलं, किंमत कमी करा म्हणतोय. तो म्हणाला, "काकू, ह्यो नुसता कीबोर्ड न्हवं ओ. पूर्ण कम्प्युटर हाय. टीव्हीला लावायचा, टेपवरनं प्रोग्राम चढवायचा."

मग त्यानं मला बटणं दाखवली. प्रत्येकावर अक्षराशिवाय बारीक शब्द छापलेले होते. 'जे' दाबलं की 'लोड' हा आख्खा शब्द पडद्यावर उमटतो, 'पी' दाबलं की 'प्रिंट'. सगळी मेमरी ४८ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधल्या एका साध्या फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा मूळ स्पेक्ट्रम १९८२ साली आला, कडक बटणांचा प्लस १९८४ साली. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन तो १९८६पासून डीबी नावानं काढला. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आलेला पहिला कम्प्युटर हाच.

मुलाच्या खिशात पाचशे रुपये होते. काही न बोलता पैसे ठेवून तो निघून गेला असता तर आम्हाला कधीच कळलं नसतं. तो बोलला, आणि मी चिठ्ठी काढून घेतली. "थांब जरा, गुरुवारी विचारून सांगते," म्हटलं. त्याचं तोंड उतरलेलं मला दिसलं. तरीही मी पट्टी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

या प्रकरणातला निर्णयाचा पहिला क्षण हा, आणि मला तो सगळ्यांत जास्त टोचतो. चिठ्ठीवरची किंमत म्हणजे दुकानाचा शब्द. भाजीवाली एकदा भाव सांगून मापं घालायला लागली की मधेच फिरवत नाही. माझी बाजू अशी होती की वस्तू दानाची आहे, पैसा मुलांच्या फीचा आहे, आणि दहा हजारांची वस्तू पाचशेला देण्याचा मला अधिकार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण चूक आमची होती, आणि तिची किंमत आम्ही प्रामाणिक गिऱ्हाइकाकडून वसूल केली. दुसऱ्या कुणी खरं सांगावं असं त्याला वाटेल का, हा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला नाही.

समोर असलेले पर्याय

गुरुवारच्या बैठकीत पाच मतं निघाली.

पहिलं, वजनावर देऊन टाकायचं. भंगारवाल्यानं सगळ्या कम्प्युटरी सामानाला सरसकट किलोमागे चाळीस रुपये सांगितले होते. एक सदस्य म्हणाले, जागा अडते, पावसात ओल येते, मोकळं होऊ. आमच्या भागात कानडीत 'गुजरी' म्हणजे भंगार, आणि शंभरेक किलोमीटरवर कोल्हापुरात 'गुजरी' म्हणजे सोन्याचांदीची पेठ. त्या दिवशी आमच्या टेबलावर शब्दाचे हे दोन्ही अर्थ बसलेले होते.

दुसरं, इंटरनेटवर भाव बघून तो लावायचा. आमच्यातल्या एकाच्या भाच्यानं शोधून दिलं की अशाच एका यंत्रासाठी कुणी साठ हजार मागतंय.

तिसरं, एखाद्या कॉलेजला भेट द्यायचं. बेळगावात व्हीटीयू हे तांत्रिक विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, कुणीतरी काचेच्या कपाटात ठेवील. चौथं, मुलाला पाचशेला देऊन टाकायचं, झाली चूक ती झाली. हे मत आमच्यात सगळ्यांत लहान असलेल्या कार्यकर्तीचं होतं आणि ते आम्ही हसून बाजूला सारलं. पाचवं, आजींना फोन करून वस्तू काय आहे ते सांगायचं आणि त्यांना परत हवी का विचारायचं.

भंगाराचा पर्याय आम्ही लगेच सोडला, आणि ते बरं झालं. अशा घरगुती यंत्रांत सोनं नाममात्र असतं. फोडून हाताला फारसं काही लागत नाही आणि यंत्र मात्र कायमचं जातं. कॉलेजचा पर्याय चांगला होता, पण भेट दिलेलं यंत्र कोण चालतं ठेवणार, की तेही तिथल्या डेडस्टॉकला चढून जिन्याखाली जाणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. शेवटी आम्ही इंटरनेटचा भाव निवडला आणि साठातून थोडं सोडून पंचेचाळीस हजारांची चिठ्ठी लावली. ही दुसरी चूक.

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव

इथं थोडं थांबून सांगते, कारण आमच्यासारख्या दुकानांना सगळ्यात जास्त फटका याच ठिकाणी बसतो.

इंटरनेटवर दिसतो तो बहुतेक वेळा मागणाऱ्याचा भाव. कुणीही काहीही मागू शकतं. तीच जाहिरात वर्षभर तशीच पडून असेल तर ती वस्तू त्या किमतीला विकली जात नाही, हाच तिचा अर्थ. बघायचं ते झालेल्या व्यवहारांकडे. काही लिलावाच्या साइटवर विकून संपलेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात. आम्ही नंतर त्या बघितल्या तेव्हा मागणीचे आणि मिळकतीचे आकडे एकमेकांपासून लांब निघाले. त्यातही चालू असलेलं, मूळ खोक्यातलं, पुस्तिका आणि अॅडाप्टरसकट असलेलं यंत्र एका भावाला जातं आणि 'तपासलेलं नाही' असं लिहिलेलं नुसतं यंत्र त्याच्या काही अंशाला. आम्ही सुट्या यंत्राला भरल्या खोक्याचा भाव लावला होता.

दुसरं असं की दुर्मिळ कुठं, हेही बघावं लागतं. स्पेक्ट्रम जगभरात पन्नास लाखांवर खपले. ब्रिटनमधल्या माणसाला ते माळ्यावर सापडतात. भारतीय बनावटीचा डीबी तिकडच्या संग्राहकाला वेगळा वाटेल, पण तिथवर पाठवायचा खर्च, जकात आणि वाटेत फुटण्याची भीती धरली तर हातात काय उरणार? इथं बेळगावात त्याचं मोल कळणारी किती माणसं आहेत? आमच्या शनिवारच्या गर्दीत एक होतं, आणि त्याला आम्ही परत पाठवलं होतं.

शिवाय जुनं ते सगळं किमती नसतं. त्याच टेंपोतले दोन पेंटियमचे डबे कुणी फुकटही न्यायला तयार नव्हतं. ४८६च्या डब्यात मदरबोर्डवरची बॅटरी फुटून हिरवट क्षार पसरले होते आणि तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या होत्या. तो संपलेला होता. असं सामान आम्ही नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवतो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांत मार्ग तोच आहे.

अॅडाप्टर

पंचेचाळीस हजारांची चिठ्ठी लावून पट्टी काचेच्या कपाटात चार महिने बसली. लोक बघायचे, हसायचे, पुढं जायचे. गणपती गेले, दसरा झाला. नोव्हेंबरात गोव्याचा एक व्यापारी आला. चोर्ला घाटातून बेळगावला येऊन जुनी दारं, खांब, रेडिओ नेणारे असे दोघं-तिघं आहेत. तो म्हणाला, "चालू करून दाखवा, वीस देतो."

मूळ अॅडाप्टर जूनमध्येच वायरींच्या टोपलीतून कुणीतरी तीस रुपयांना नेला होता. आमच्या एका कार्यकर्त्यानं वायफायच्या डबीचा अॅडाप्टर आणला. त्यावरही नऊ व्होल्ट लिहिलेलं, पिनही बसली. बटण दाबलं, टीव्हीवर काही आलं नाही, आणि दहा-पंधरा सेकंदांत जळल्याचा वास सुटला.

स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात हे बरोबर, पण त्याच्या पिनेत मधलं टोक ऋण असतं. आजचे बहुतेक अॅडाप्टर मधलं टोक धन ठेवून येतात. एवढ्या एका उलट्या जोडणीनं आतला वीजपुरवठ्याचा भाग गेला आणि त्याच्या मागोमाग मेमरी. त्या ४११६ जातीच्या चिपना पाच, बारा आणि उणे पाच व्होल्ट असे विजेचे तीन दाब लागतात. त्यातला उणे पाच गेला की त्या टिकत नाहीत. व्यापारी काही न बोलता निघून गेला.

चालू करून बघणं हा आम्हाला निर्णयच वाटला नव्हता. तो या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय ठरला.

क्रीम रंगाचं यंत्र

या धक्क्यानंतर जिन्याखालच्या यंत्राला आम्ही हात लावला तो वेगळ्या तऱ्हेनं. यावेळी येळ्ळूरच्या मुलाला मीच फोन केला. तो येईल असं वाटलं नव्हतं. तो आला, आणि खडेबाजारातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकनाही बरोबर घेऊन आला.

ते यंत्र होतं बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं बीबीसीच्या संगणक साक्षरतेच्या कार्यक्रमासाठी ते बनवलं आणि १९८१च्या अखेरीस बाजारात आणलं. आपल्या सरकारनं १९८४-८५मध्ये शाळांत संगणक नेणारी 'क्लास' योजना सुरू केली तेव्हा हेच यंत्र निवडलं, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीनं ते भारतात काढलं. एससीएलच्या पट्टीचा उलगडा असा झाला. आमच्या जिन्याखाली धूळ खात होतं ते यंत्र म्हणजे या देशातल्या शाळकरी मुलांनी कम्प्युटरला पहिल्यांदा बोट लावलं त्या प्रयोगाचा एक तुकडा होता. हे कळल्यावर आम्ही तिघंही काही वेळ गप्प होतो.

पण कडेला पांढऱ्या रंगातला नंबर होता. जडवस्तू संग्रह, म्हणजे डेडस्टॉक, नोंदवहीतला नंबर असलेली वस्तू शाळेची असते. सर ती घरी कशी घेऊन गेले? विचारायला अवघड होतं. आजींना वाटायला नको की आपल्या माणसावर संशय घेतायत. एक सदस्य म्हणाले, थिनरनं नंबर पुसून टाकूया, एवढ्या वर्षांनी कोण विचारणार? मी नाही म्हटलं, आणि या एका गोष्टीबद्दल मला समाधान आहे. आम्ही शाळेला पत्र दिलं. सव्वा महिना काही हललं नाही. मग तिथल्या क्लार्कनं जुनी नोंदवही काढून दाखवली. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकल्याचा, ठराव, लिलाव, आणि भंगाराच्या भावानं पैसे भरून घेतल्याची सरांच्या नावाची पावती, सगळं होतं. इतर यंत्रं भंगारात गेली होती, हे एक सरांनी स्वतःच्या पगारातून सोडवून घेतलं होतं. नंबर पुसला असता तर आमच्याच हातानं सरांवरचा संशय पक्का झाला असता. आणि तोच नंबर पुढं यंत्राची किंमत वाढवणारा ठरला, कारण त्यानं त्याचा सगळा प्रवास सांगितला.

चालू करायच्या आधी मेकॅनिकनी वीजपुरवठ्याचा डबा उघडला. त्यात पिवळट, पारदर्शक कवचाचे दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, होते आणि दोघांच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा होत्या. या यंत्रांचा हा ओळखीचा आजार. आत कागद असतो, भेगांतून ओल शिरते, आणि वर्षांनंतर वीज दिली की काही मिनिटांत तो फुटून दुकानभर घाण धूर होतो. बेळगावच्या पावसाळ्यात जिन्याखाली राहिलेल्या यंत्राचं काय झालं असतं ते सांगायला नको. दोन्ही बदलले, खर्च दोनशेच्या आत. मग बटण दाबलं. आधी जाड आणि लगेच बारीक असा दोन सुरांचा आवाज आला आणि पडद्यावर 'बीबीसी कम्प्युटर ३२के' ही ओळ उमटली. मेकॅनिकनी फक्त "आला" म्हटलं.

विकायची पद्धत

यावेळी आम्ही आकडा ठरवला नाही. जी वस्तू आपल्याला पुरती कळलेली नाही तिची किंमत आपण सांगू नये, ती कळणाऱ्यांना सांगू द्यावी, एवढं आम्ही शिकलो होतो. आठ हजार किमान धरून बंद पाकिटातून बोली मागवल्या, मुदत पंधरा दिवस. यंत्राचं वर्णन एका कागदावर मराठीत, कानडीत आणि इंग्रजीत लिहिलं. काय चालतं, काय बदललं, कीबोर्डवरची कोणती दोन बटणं अडकतात, रंग कुठं पिवळा पडलाय, कशाची तपासणी केलेली नाही, सगळं. पिवळेपणा औषधानं घालवावा असं कुणी सुचवलं होतं. घ्यायचं असेल तो घालवील, आपण मूळ स्थितीला हात लावायचा नाही, असं ठरलं.

चार पाकिटं आली. सगळ्यात मोठी बोली बंगळूरच्या एका संग्राहकाची, एकवीस हजार पाचशे. गोव्याच्या व्यापाऱ्याची अकरा होती. निकाल कळल्यावर तो रागावला. तोंडी विचारलं असतं तर वाढवलं असतं म्हणाला. त्याचं म्हणणं मी समितीपुढं ठेवलं, पण पाकिटाचा नियम पाकिटं फोडल्यावर बदलायचा नाही यावर आम्ही ठाम राहिलो. यंत्र न्यायला संग्राहक स्वतः गाडी घेऊन आले आणि निर्लेखनाच्या ठरावाची प्रत मागून घेतली.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. तबकड्या धारवाडच्या एका गृहस्थांनी प्रत्येकी दीडशेनं नेल्या. आम्ही त्या आडव्या रचून ठेवल्या होत्या, त्यात तीन तडकल्या. लाखेच्या तबकड्या उभ्याच ठेवायच्या असतात हे त्यांनीच सांगितलं. अधिवेशनाच्या चित्राला एका सदस्यांना पाच हजार हवे होते. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव काँग्रेस अधिवेशन, म्हणून बेळगावकरांचा त्यात जीव आहे. भिंगाखाली धरल्यावर बारीक ठिपके दिसले, म्हणजे छायाचित्र नव्हे, पुस्तकातलं छापील पान. चौकटीच्या किमतीत, तीनशेला, "छापील पान" असं चिठ्ठीवर लिहून विकलं. 'किर्लोस्कर'चे अंक वाचनालयाला दिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते याच गावात, ते अंक गावाबाहेर जायला नकोत असं सगळ्यांनाच वाटलं.

स्पेक्ट्रमचं काय झालं

जळलेली पट्टी मुलानं दुरुस्तीला नेली. वीजपुरवठ्याच्या भागातला ट्रान्झिस्टर बंगळूरच्या एसपी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळाला, मेमरीच्या चिप मिळायला अडीच महिने गेले. मार्चमध्ये ती चालू झाली. आता किंमत काय लावायची? समितीत दोन तट पडले. एक म्हणे, दुरुस्त झाली, आता बारा हजार येतील. दुसरा म्हणे, ज्याच्यामुळं ती चालली त्यालाच द्यायची. शेवटी दोन हजारांना, सुट्या भागांचा त्याचा खर्च वजा करून, त्याला दिली. त्यानं दोन हप्त्यांत पैसे भरले.

मला विचाराल तर पाचशेच घ्यायला हवे होते. मी तसं बैठकीत म्हटलंही, पण जूनमध्ये ज्या मताला आम्ही हसलो होतो तेच मी मार्चमध्ये मांडत होते, आणि माझ्या शब्दाला तितकंच वजन मिळालं. त्या कार्यकर्तीची मी नंतर माफी मागितली.

वेगळं काय करता आलं असतं

एका घरातून आलेलं विजेचं सामान आता आम्ही फोडत नाही. यंत्र, वायर, पुस्तिका, कॅसेट, अगदी सुतळीनं बांधलेली पुडीसुद्धा एकाच खोक्यात राहते आणि खोक्यावर तारीख पडते. तीस रुपयांचा अॅडाप्टर जाग्यावर असता तर नोव्हेंबरात वीस हजार आले असते.

ओळख पटेपर्यंत चिठ्ठी लावायची नाही, हा दुसरा बदल. चिठ्ठी लागली की मात्र ती पाळायची. कमी लागली तर दुकानाचं नुकसान, गिऱ्हाइकाचं नव्हे. एक अपवाद ठेवलाय. गिऱ्हाइकानं स्वतः होऊन वस्तूची खरी ओळख सांगितली आणि वस्तू मोठ्या किमतीची निघाली, तर पुढं जे ठरेल त्यात पहिला हक्क त्याचा. हा नियम पुरेसा न्याय्य आहे का, याबद्दल आमच्यात अजून बोलणं चालू आहे. मला तो थोडा दुकानाच्या बाजूला झुकलेला वाटतो.

तपासायचं ते जाणकारापुढंच, आणि जाणकार नसेल तर "तपासलेलं नाही" असं लिहून विकायचं. त्या शब्दांनी किंमत कमी होते, तेवढी होऊ द्यायची.

आजींना मात्र आम्ही पहिल्याच आठवड्यात फोन करायला हवा होता. दिलेल्या वस्तूवर दात्याचा हक्क राहत नाही हे कागदावर बरोबर आहे. पण मी फोन केला तो थेट शाळेची पावती सापडल्यावर, जानेवारीत. त्यांना पैशांचं काही नव्हतं. त्यांनी विचारलं, "त्या कॅसेटी मिळाल्या का ओ? सरांनी पोरांसाठी पाढ्यांचा प्रोग्राम केलेला होता, रात्री जागून. किती वेळ ते कर्रकर्र वाजायचं." चौदापैकी दहा कॅसेट तोवर दहा-दहा रुपयांना गेल्या होत्या. कुणी त्यावर भजनं भरून घेतली असतील.

उरल्या चार. एप्रिलच्या एका गुरुवारी मुलगा आपला स्पेक्ट्रम आणि घरचा टेप घेऊन दुकानात आला. कॅसेटवर शाईच्या पेनानं "७ वी, सराव" असं लिहिलेलं. आधी एकसुरी शीळ, टीव्हीच्या कडेनं लाल-निळसर पट्टे, मग ते कर्कश कर्रकर्र आणि निळे-पिवळे पट्टे. मी आजींना पुण्याला फोन लावून टेपजवळ धरला. दोन वेळा अर्ध्यावर अडलं, तिसऱ्यांदा चढलं आणि पडद्यावर रोमन लिपीत ओळ आली, "बारा साते किती?"

आजी पलीकडून म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी."

उरलेल्या तीनपैकी एका कॅसेटची फीत आत चिकटली आहे. ती सोडवायची कशी ते मेकॅनिक बघून सांगणार आहेत. तोवर तिन्ही कॅसेट कपाटात ठेवल्यात, चिठ्ठी न लावता.